गिझरचा अंगारा

"बुवा, मला अनुग्रह कधी देणार?"

"तू गरम पाणी कधी देणार?"

टिळेकर गप्प झाले.

बुवाही गप्प झाले... आमच्या मठात गप्प बसायची पद्धतच आहे. पण बुवा गप्प बसले की त्यांचे डोळे मिटतात आणि टिळेकर गप्प बसले की त्यांच्या कानशिलावरची शीर उडते.

"कॉइल पुन्हा जळली," शेवटी टिळेकर म्हणाले.

"मग बदल."

"गेल्याच महिन्यात बदलली होती."

"मग पुन्हा बदल."

"बुवा, मी इथं कॉइल बदलायला आलेलो नाही!"

"मग कशाला आलास?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मंत्र घ्यायला."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

टिळेकरांनी दात आवळले.

"गिझर बघ, असं."

"मग बघ की."

टिळेकर उठले. जाताना दार आपटलं असतं, पण आमच्या मठाला त्या बाजूला दार नाही.

यशवंतराव टिळेकर म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या बॉयलरवर काढला. बॉयलरमध्ये जाणारं पाणी मऊ करायचं, ही त्यांची नोकरी. पाण्यात क्षार राहिला तर नळ्या फुटतात, माणसं भाजतात. म्हणून तिथं त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले बंद, की बंद.

निवृत्त झाले. बायको गेली. मुलगी सासरी रमली. मग त्यांच्या मनात आलं, आता पाणी पुरे झालं, परमार्थ बघू. सगळं आवरून ते बुवांकडे आले, आणि बुवांनी त्यांच्या हातात गिझर दिला.

याला आमच्याकडे आगीतून फुफाट्यात म्हणतात.

मठ आहे बालाघाटातल्या एका बोडक्या माळावर. पाणी बोअरचं. किती जड, ते मला विचारा. मी इथला स्वयंपाक बघतो. डाळ चुलीवर ठेवून माणूस गावाला जाऊन आला तरी दाणा दाताखाली करकरतो. साबण अंगाला लागतो, पण फेस काही येत नाही. चहाचं पातेलं आतून चुना दिल्यासारखं. नळाच्या तोंडाच्या जाळ्या महिन्यात बुजतात. एका भक्तानं मोठ्या हौसेनं कपडे धुवायचं यंत्र दिलं होतं. तेही या पाण्यानं खाल्लं. मी त्यात आता बटाटे ठेवतो.

गिझरचं मात्र असं हसण्यावारी नेता येत नव्हतं. मठाच्या मागच्या खोल्यांत म्हातारी माणसं राहतात. कुणाला घर नाही, कुणाला घर असून नाही. त्यांच्या अंघोळीला आधी तांब्याचा बंब होता. पण माळावर आता काटकी मिळत नाही, बंबात घालणार काय? मग मोठा गिझर आला. तो बंद पडला की थंडीत म्हाताऱ्या तोंडावर नुसता ओला हात फिरवतात आणि अंघोळ झाली म्हणतात. बुवा स्वतःही त्याच पाण्यानं अंघोळ करायचे. गिझर बंद, की गार पाण्यानं. मग दिवसभर खोकायचे.

तर टिळेकरांनी गिझर उघडला.

आतून पांढरी ढेकळंच निघाली. कॉइल तर दिसेचना. तिच्यावर मनगटाएवढा थर.

"बघा," ते मला म्हणाले. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला. "पाणी तापलं की क्षार बाहेर पडतो आणि कॉइलवर बसतो. एकदा थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जातच नाही. आतल्या आत राहते. मग ती स्वतःच्याच उष्णतेनं जळते. बाहेरून पांढरीशुभ्र... आत कोळसा."

"यावर उपाय?"

"आहे. या पाण्याला यंत्र बसवलं पाहिजे. मऊ करायचं. पण इथं ऐकतो कोण?"

खरवडलेला सगळा क्षार त्यांनी एका डब्यात भरला आणि डबा ओट्यावर ठेवला. टाकायला जाणारच होते. पण तो होता गुरुवार.

गुरुवारी खालच्या गावांतून माणसं येतात. आरती होते, प्रसाद होतो. त्या दिवशी गयाबाई सगळ्यांत आधी आली होती. खालच्या वस्तीवरची, जोंधळ्यात राबलेली, उन्हानं रापलेली बाई. तिनं डबा बघितला. आतली पांढरी भुकटी बघितली. चिमूट घेतली, कपाळाला लावली, थोडी पदराच्या गाठीत बांधली.

टिळेकर गिझरच्या खोलीतून बाहेर आले ते थेट तिच्यावरच.

"अहो बाई, काय करताय?"

"अंगारा घेतला साहेब. मालकाच्या पायाला लावीन."

"अंगारा नाही तो! गिझरचा मळ आहे!"

"बुवाच्या अंघुळीच्या पाण्यातला हाय ना?"

"असेल. म्हणून काय झालं?"

"मग झालं तर," असं म्हणून ती बुवांच्या पाया पडायला गेली.

पुढच्या गुरुवारी डब्याभोवती घोळका. टाकला तर लोक मातीतून वेचतील, म्हणून टिळेकरांनी तो तसाच ठेवला होता. कुणाला पोराच्या परीक्षेसाठी पाहिजे, कुणाला म्हशीच्या आचळाला. टिळेकर डब्यावर हात ठेवून उभे. तो हात बाजूला करून लोक चिमूट घ्यायचे, आणि वर त्यांनाच नमस्कार करायचे.

"हा नुसता क्षार आहे! क्षार! नळाच्या तोंडाला बसतो तो! तुमच्या घरीही आहे! घरी जाऊन नळ खरवडा!"

"आमच्या घरी बुवा न्हाईत न्हात," एका म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं.

टिळेकरांनी मला रंगाचा डबा मागितला.

मग त्यांनी पाटी रंगवली. मोठ्या अक्षरात. हा अंगारा नाही. हा पाण्यातला क्षार आहे.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या दिवसापासून लोक अंगारा मागेनासे झाले. क्षार मागू लागले. "थोडा क्षार द्या की साहेब." पाटी लावल्यामुळे ते काहीतरी अधिकृत आहे असं सगळ्यांना वाटलं. विश्वस्तांपैकी एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं की याच्या पुड्या बांधायला तुझ्याकडे माणसं आहेत का. मी म्हटलं, माझ्याकडे डाळ शिजत नाही, पुड्या कुठून बांधू?

टिळेकर तरातरा बुवांकडे गेले. बुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"बुवा, हे थांबवा."

"काय?"

"ही अंधश्रद्धा. तुमच्या नावावर चाललीय."

"तू सांग ना त्यांना."

"सांगितलं. पाटी लावली. घसा बसला माझा. पालथ्या घड्यावर पाणी!"

"मग नीट सांग."

"नीट म्हणजे कसं? सोप्या मराठीत सांगतोय मी!"

बुवांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल बाजूला टाकलं.

"तुम्ही एक शब्द बोललात," टिळेकर म्हणाले, "की हे सगळं बंद होईल. तुमचं ऐकतील."

"माझं?"

"तुमचंच."

"असं म्हणतोस..." बुवा म्हणाले, आणि पुढची शेंग उचलली.

टिळेकर तसेच उभे राहिले. मग वळले. मला म्हणाले, "या माणसाला काही सांगायचंच नाहीये. हा नुसता बसून असतो. मी कशाला आलो इथं?"

त्यांनी सामानाची पिशवी भरायला घेतली. मी बघितलं. अर्धी भरली आणि मग थांबले. मागच्या खोलीत कुणीतरी म्हातारी थंडीनं कण्हत होती... बराच वेळ कण्हत होती. टिळेकरांनी पिशवी उलटी केली, कपडे पुन्हा दोरीवर टाकले आणि शिव्या देत गिझरच्या खोलीत गेले. शिव्या कुणाला देत होते कळलं नाही. बहुतेक पाण्याला.

पुढचे काही दिवस माणसानं झपाटल्यासारखं काम केलं. कुठून कुठून ओळखी काढल्या, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले, आणि एक दिवस टेम्पोतून पाणी मऊ करायचं यंत्र आलं. एक उभी टाकी, शेजारी मिठाची दुसरी टाकी. पाणी आत जाताना जड, बाहेर येताना मऊ. अधूनमधून मिठाच्या पाण्यानं यंत्र धुवायचं, एवढंच. ते मिठाचं पाणी जिरवायला टिळेकरांनी माळावर बाजूला खड्डाही खणून घेतला, झाडांना लागू नये म्हणून. कामात माणूस पक्का. त्यात शंका नाही.

नवी कॉइल बसली. गिझर सुरू झाला.

मागच्या खोल्यांतल्या म्हाताऱ्या अंघोळी करून उन्हात केस वाळवत बसल्या. साबणाला फेस आला म्हणून एक जण हसत सुटली होती. मी चोरून एक हंडा त्या पाण्याचा घेतला आणि डाळ लावली. शिजली. अक्षरशः शिजली! टिळेकर मात्र लगेच खेकसले, "ते धुण्या-अंघोळीचं पाणी आहे, स्वयंपाकाला घेऊ नका." या माणसाला कौतुक करायची सोयच नाही.

ठरलेल्या मुदतीनंतर त्यांनी गिझर पुन्हा उघडला. कॉइल लख्ख. थराचं नाव नाही.

ते थेट बुवांसमोर जाऊन उभे राहिले.

"गरम पाणी दिलं."

"दिलंस."

"आता?"

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं.

"येत्या गुरुवारी सकाळी ये. अंघोळ करून ये. नारळ आण."

टिळेकरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू बघितलं. बरं दिसत होतं. वयस्कर माणसाला हसू फार शोभतं, पण हे लोक ते जपून वापरतात.

गुरुवार उजाडला. टिळेकर सोवळं नेसून, ओल्या केसांनी, नारळ घेऊन बुवांसमोर पाटावर बसले. अनुग्रहाला फारसा थाट नसतो. गुरू शिष्याला जवळ घेतो, कानात मंत्र सांगतो, झालं. टिळेकरांनी कान पुढे केला.

बुवा पुढे झुकले.

"साहेब..." दारातून आवाज आला.

गयाबाई.

"साहेब, डबा रिकामा हाय."

टिळेकरांनी डोळे मिटून घेतले. "नंतर, बाई."

"मागल्या गुरुवारी बी नव्हता. चिमूटभर तरी द्या की. कुठून तरी खरवडून द्या."

"आता होत नाही तो! यंत्र बसवलंय! पाण्यात क्षार राहिलाच नाही! संपला! कळलं? आता जा!"

गयाबाई गेली नाही. उंबऱ्यावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मग म्या काय लावू? जखम वाहाया लागलीया."

टिळेकरांनी डोळे उघडले.

"कसली जखम?"

मठात ती कितीतरी गुरुवार येत होती, पण हा प्रश्न त्यांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

"मालकाच्या पायाची. सांगितलं व्हतं की तुमाला. शुगर हाय त्यास्नी. काटा भरला आन् चिघळलं. अंगारा लावला की वरनं सुकल्यावानी दिसायचं. आता वास मारतंय."

"कुठं आहेत ते?"

"खाली, ॲपेत. पायऱ्या चढवंनात."

टिळेकरांनी बुवांकडे बघितलं. बुवा तसेच पुढे झुकलेले. कान आणि ओठ यांत वीतभर अंतर. बुवा जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत.

टिळेकरांनी नारळ पाटावर ठेवला आणि उठले.

मीही मागे गेलो. खाली ॲपे रिक्षात लिंबाजी बसला होता. गयाबाईचा नवरा. डोळे खोल गेलेले, अंगात ताप. पायाला फडकं गुंडाळलेलं. टिळेकरांनी सोवळ्यातच ते फडकं सोडलं.

अंगठ्यावर आणि तळव्यावर पांढरा, कडक थर बसला होता. चिमूट चिमूट करून रोज लावलेला. कडेनं तो फुटला होता, आणि भेगेतून खालचं दिसत होतं. मी तोंड फिरवलं.

"दवाखान्यात दाखवलं?"

"तालुक्याचे डाक्टर म्हनले व्हते भरती व्हा. पर तितं पाय कापत्यात मनून ह्यास्नी भ्या वाटलं. मंग म्हटलं, बुवाचा अंगारा हाय."

टिळेकरांचं तोंड उघडलं. आता ओरडणार, असं मला वाटलं. मळ, क्षार, अंधश्रद्धा, पाटी, सगळं ओठांवर आलेलं मला दिसलं. पण ते ओरडले नाहीत. धोतराचा सोगा धरून पायऱ्या चढत परत वर गेले. या वयात धावले म्हटलं तरी चालेल.

गिझरच्या खोलीतून ते जळकी कॉइल घेऊन आले. जुनी, थरासकट.

गयाबाईच्या शेजारी, धुळीत, ते उकिडवे बसले. आवाज एकदम खाली आला होता.

"हे बघा, बाई. हे बाहेरून कसं दिसतं?"

"पांढरं."

"हातात घ्या. फोडा ते."

तिनं दगडानं टोला मारला. खपली उडाली. आत कॉइल काळी ठिक्कर, फुटलेली, चिरलेली.

गयाबाई ती उलटीसुलटी करून बघत राहिली.

"आमचा पानी तापवायचा हिटर बी आसाच फुटला व्हता," ती हळूच म्हणाली. "वरनं चांगला व्हता. एक दिवस ठाप करून आवाज झाला."

"वरनं चांगला होता ना?"

"व्हय."

"थर काढायला पाहिजे होता त्याचा. वेळेवर."

गयाबाईनं कॉइलकडे बघितलं. मग नवऱ्याच्या पायाकडे बघितलं. मग तिचा चेहराच बदलला... तो चेहरा मला अजून आठवतो, आणि नको वाटतो.

"अगं माय," ती म्हणाली. "म्या काय केलं ह्ये?"

"तुम्ही नाही केलं. चला."

"पाय कापतील?"

"माहीत नाही. खोटं सांगत नाही. पण मी येतो तुमच्याबरोबर. तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही, तिथं मी उभा राहीन."

लिंबाजीनं मान हलवली. नको की बरं, कळलं नाही. टिळेकर ॲपेत त्याच्या शेजारी बसले, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. पिवळ्या सोवळ्याचा रेशीमकाठ, त्यावर तो पाय. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी वर बघितलं.

वर ओसरीच्या कडेला बुवा उभे होते. हात मागे बांधून.

रिक्षा गेली.

टिळेकर परत आले ते बऱ्याच दिवसांनी. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी मागून घेतलेला सदरा, त्याला दवाखान्याचा वास. सरळ ओसरीवर जाऊन बुवांसमोर बसले. मी चहा घेऊन गेलो. तो कुणी घेतला नाही.

"पाय?" बुवांनी विचारलं.

"वाचला. अंगठा गेला."

"हं."

"डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर अंगठाही राहिला असता."

बुवांनी डोळे मिटले.

टिळेकरांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"बुवा, मी काही बोललो तर राग मानू नका."

"तुला आलाय, तो काढ आधी."

"काढतोच!" टिळेकरांचा आवाज चढला. मागच्या खोल्यांतल्या म्हाताऱ्या दारात आल्या. "ती बाई माझ्या तोंडावर सांगत होती, मालकाच्या पायाला लावते. मी ऐकलं नाही. मला फक्त तो डबा दिसत होता. ते माझं पाप, मी मान्य करतो. पण तुम्ही? तुमच्यासमोर ती दर गुरुवारी बसायची! तुम्हाला सगळं ठाऊक होतं! होतं की नाही?"

"होतं."

"मग एक शब्द बोलला नाहीत? एक शब्द, 'दवाखान्यात ने.' तुमच्या एका शब्दासाठी लोक वाट तुडवत येतात, आणि तुम्ही शेंगा फोडत बसलात! का? का नाही सांगितलंत तिला?"

बुवांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, तोच प्रश्न माझ्याही पोटात होता.

बुवांनी चहाचा कप बाजूला सारला.

"सांगितलं," बुवा म्हणाले.

"कधी?"

"पहिल्याच गुरुवारी."

"मग?"

"ती पाया पडली."

टिळेकर बघत राहिले.

"पुढच्या गुरुवारी पुन्हा सांगितलं. बाई, म्हटलं, या भुकटीत काही नाही, त्याला डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, 'तुमचा आशीर्वाद असू द्या.' आणि पाया पडली."

"आणि नंतर?"

"नंतर मी आरतीच्या गलक्यात तिच्यावर ओरडलो. खोकला येईपर्यंत ओरडलो."

"मग?"

"लोटांगण घातलं तिनं."

बुवांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. एरवी खडखडीत वाटणारा माणूस त्या क्षणी फार दमलेला वाटला, फार चिडलेलाही. इतकी वर्षं पोटात साठलेली चीड असावी ती.

"जन्म गेला सांगण्यात, टिळेकर. मी तोंड उघडलं की यांची डोकी खाली जातात. माझं तोंड कुणी बघतच नाही. सगळे पाय बघतात." बुवांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा पडलेले, सुकलेले पाय. "जळलं मेलं हे! तुझ्या कुणी पाया पडत नाही, तेवढंच बरं झालं. त्या माणसाचा पाय राहिला."

रागाची जागा कधी रिकामी झाली ते टिळेकरांनाही कळलं नसावं. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"मला... मला वाटायचं, तुम्ही मला काही सांगतच नाही."

"येऊन पडलास त्या दिवसापासून सांगतोय."

"बुवा..."

"म्हाताऱ्यांना पाणी दे म्हटलं. लोकांना नीट सांग म्हटलं. याहून वेगळं माझ्यापाशी काही नाही. कानात सांगितलं तरी हेच सांगणार होतो."

टिळेकरांचा बांध फुटला. ओक्साबोक्शी रडत ते पुढे सरकले, दोन्ही हात जोडले, आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले.

बुवांनी झटकन दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, आता तू पण?"